चाटणावरचं मीठ

बाबा, इथे सिंगापुरात सांबरं आहेत. तुम्हाला हे पटणार नाही, मलाही पटलं नव्हतं. नकाशावर बोट टेकवलं तर बोटाखाली झाकला जाईल एवढा हा देश. त्यात इमारती, त्यात रस्ते, आणि तरीही मधोमध तलावांच्या भोवती जंगल राखलेलं आहे आणि त्यात सांबरं फिरतात. शिकारीला सक्त बंदी. पायवाट सोडून आत शिरायलासुद्धा परवानगी लागते. गेली दोन वर्षं दर शनिवारी सकाळी मी तशी परवानगी घेऊन आत जातो आणि सांबरांचा माग काढतो. मोजणी करणारी एक स्वयंसेवकांची मंडळी आहे, त्यांच्यासाठी. बायको म्हणते, आठवडाभर ऑफिसात लोकांच्या चुका शोधायच्या आणि सुट्टीच्या दिवशी लेंड्या, असला नवरा कुणाला मिळाला नसेल. तिचं खरं आहे. वन-नॉर्थच्या ऑफिसात मला पगार मिळतो तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामवर संशय घेण्याबद्दलच.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मोजणीच्या पहिल्या दिवशी आमची प्रमुख, पंचविशीतली एक चिनी मुलगी, लेंड्यांचा ढीग दाखवून विचारत होती की हे किती जुनं असेल. बाकीचे मोबाइलवर फोटो काढत होते. मी खाली बसलो, एक लेंडी काडीनं फोडली आणि म्हणालो, आज पहाटेची. ती माझ्याकडे बघतच राहिली. माझे वडील फॉरेस्ट गार्ड होते, एवढंच मी सांगितलं, आणि सांगताना मान जरा ताठ झाली. पुढे महिनाभरानं कळलं की माझं उत्तर चुकलं होतं. इथली हवाच इतकी ओली की लेंडी दोन दोन दिवस आतून ओली राहते. आपल्या घाटातला हिशेब इथे चालत नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

बाकी तुम्ही शिकवलेलं बरंचसं चालतं. खूर दिसला की पुढे धावायचं नाही, आधी वळून मागे बघायचं, जनावर कुठून आलं ते कळलं की कुठे जाणार तेही कळतं. शिंगं घासलेल्या झाडाची साल कुठल्या उंचीपर्यंत सोलली आहे ते हातानं मोजायचं. चिखलात लोळण दिसली तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहायचं. रविवारी तुम्ही मला बीटवर, तुमच्या राखणीतल्या रानात, घेऊन जायचात. पुढे तुमची खाकी पाठ आणि मागे मी, आणि तुम्ही न वळता बोलता आहात. रानात माणूस भेटला तर कुठे चाललास विचारू नकोस, कुठून आलास विचार, असं तुम्ही सांगता. तुमच्या खांद्याला कापडी पिशवी आहे आणि पिशवीत जाडं मीठ. चाटणावर, जनावरं खारी माती चाटायला येतात त्या जागी, तुम्ही ते ओतता, काठीनं मातीत कालवता आणि म्हणता, हे सरकारी काम, जनावराला मीठ लागतं. आणि परतताना तुम्हीच सांगता की शिकारीही हेच करतात. मीठ टाकायचं, चार-आठ दिवस जनावराला चटक लागू द्यायची, मग जवळच्या झाडावर बंदूक घेऊन बसायचं. मी विचारलं होतं, मग तुमचं मीठ कुठलं आणि त्यांचं कुठलं, हे ओळखायचं कसं? तुम्ही हसलात. 

आमच्या मोजणीत एक अंकल आहेत. बहात्तर वर्षांचे, काटक, अर्धी चड्डी आणि रबरी बूट. मी तोआ पायोहमध्ये राहतो तिथून दोन इमारती सोडून त्यांचा फ्लॅट. त्यांचं लहानपण या जंगलाच्या कडेच्या गावात गेलेलं. ते गाव आता नाही. कुत्री घेऊन रानडुकराच्या मागे जाणाऱ्या माणसांच्या गोष्टी ते रंगवून सांगायचे, आणि सगळे हसायचे तेव्हा मी त्यांच्या हातांकडे बघायचो. एवढं बारीक माहीत आहे, ते नुसतं ऐकून? मग एक लक्षात आलं. जंगलात शिरताना त्यांची पिशवी खांद्यावरून ओढलेली असायची आणि बाहेर येताना हलकी. पाणी प्यायल्यानं पिशवी हलकी होते, पण एवढी? एकदा मी उचलायला मदत करतो म्हणालो, तर त्यांनी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

खरं बिंग फुटलं ते फोटोंवरून. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो निवडायचं काम माझ्याकडे असतं. प्रत्येकाला जंगलाचा एक टप्पा नेमून दिलेला. सगळ्यांच्या टप्प्यात महिन्यातून दोन-तीनदा सांबर दिसायचं, आणि अंकलच्या टप्प्यात दिवसाआड. सगळ्यांना कौतुक. मी मात्र ते फोटो एकापुढे एक ठेवून बघितले. प्रत्येक फोटोत मान खाली आणि तोंड त्याच एका जागी. तिथे ना गवत, ना पडलेली फळं, नुसती लाल माती. ते चाटण होतं, बाबा. या टोळीत ते ओळखू शकेल असा मी एकटाच होतो, आणि याचा मला आनंदही झाला, हे लपवत नाही.

पुढच्या शनिवारी मी माझा नेमलेला टप्पा सोडला आणि त्यांच्या मागे गेलो. हा नियमभंग होता. परवानगीच्या कागदावर कुणी कुठून जायचं ते लिहिलेलं असतं, आणि आपण वर्क पासवर राहणारी माणसं, कागदाला फार जपतो. तरी गेलो. वेताच्या काट्यांनी बाही फाटली. अंकल परतल्यावर मी त्या लाल मातीपाशी बसलो, चिमूटभर उचलली आणि जिभेवर ठेवली. खारट होती. आजूबाजूला ढीगभर खूर, पिल्लांचेही. मग मी वर बघितलं, झाडं बघितली, फांद्या बघितल्या. मचाण नाही, तारेचा फास नाही, रक्ताचा डाग नाही. तासभर शोधलं, काही नाही. घरी येऊन मी प्रमुख मुलीला ईमेल लिहिली की अंकल मीठ टाकतात, आणि हे बहुधा शिकारीसाठी आहे. चार दिवसांत त्यांचं नाव मोजणीच्या यादीतून काढलं. चौकशी होईल, तोपर्यंत त्यांनी आत जायचं नाही.

चौकशी हा शब्द वाचला आणि मी आपल्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलो. मी आठवीत होतो. तुमच्या बीटमध्ये, चाटणापासून हाकेच्या अंतरावर, ओढ्यात सांबराचं कातडं आणि मुंडकं सापडलं होतं. पंचनामा झाला. तुमच्या पिशवीत मीठ सापडलं, ते तर रोजच असायचं. पण लोकांना तेवढं पुरलं. गावात रीत होती, शिकार झाली की हाक्याला, जनावर उठवायला, गेलेल्या प्रत्येकाच्या घरी वाटा, बंदूकवाल्याला जास्तीचा, कुत्र्याचाही एक, आणि ज्यानं तोंड बंद ठेवायचं त्याचाही एक. तो शेवटचा वाटा पळसाच्या पानात बांधून मागच्या दारी ठेवून जायचे. त्या आठवड्यात आपल्या मागच्या दारी पळसाच्या पानांची पुडी मी स्वतः बघितली होती. आईनं ती पदराखाली घेतली आणि मला पाणी आणायला पिटाळलं. त्याच आठवड्यात आपल्याकडे मटणासारखं काहीतरी शिजलं. तुम्हाला निलंबित केलं. तुम्ही दोन महिने घरी बसून होतात, दाढी वाढवून, आणि मी शाळेत मान खाली घालून जात होतो. पुढे पुरावा नाही म्हणून तुम्हाला परत घेतलं. पुरावा नाही आणि केलं नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मला तेराव्या वर्षी कळत होतं. मग रविवारी मी अभ्यासाचं निमित्त सांगायला लागलो, आणि तुम्ही एकटे बीटवर जायला लागलात.

गेल्या रविवारी सकाळी मी इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, कॉफी घेऊन बसलो होतो. अंकल समोर येऊन बसले. चिडलेले नव्हते, दमलेले दिसत होते. तूच लिहिलंस ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यांनी बोटानं टेबलावर सांडलेल्या कॉफीची एक रेघ ओढली.

"दॅट साइड गॉट रोड," ते म्हणाले. "हिअर, नो रोड. सॉल्ट हिअर, दे कम हिअर लाह."

दोन वर्षांपूर्वी त्या महामार्गावर एक मादी गाडीखाली आली होती. पोटात पिल्लू होतं, आणि अंकल तेव्हा बसमध्ये खिडकीशी बसलेले होते. त्यानंतर बाजारातून, अंडी खारवायला बायका नेतात ते जाडं मीठ आणून ते टाकायला लागले. जनावरांना काही खायला घालणं इथे गुन्हा आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, शिकारी पकडला गेला तर तोही अगदी हेच सांगेल. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. उठताना त्यांनी कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

"यू नेव्हर आस्क मी," ते म्हणाले. "टू इयर्स वुई वॉक सेम जंगल. यू नेव्हर आस्क."

मी घरी आलो, नकाशा उघडला, अंतर मोजलं. रस्ता खरोखरच तिकडे होता, चाटण अगदी विरुद्ध बाजूला. मग मी जुने फोटोही काढले. रस्त्याकडच्या कॅमेऱ्यांत सांबरं कमी कमी होत गेली होती. शिकारीनं जनावर मारलं असतं तर अंकलच्या टप्प्यातली कमी व्हायला हवी होती, तिथे तर पिल्लं वाढलेली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं होतं. लेंडीबाबत चुकलो तसाच इथेही चुकलो, आपल्या घाटातला हिशेब लावून मोकळा झालो. आमची मुलगी बाहेर निघाली होती, माझा चेहरा बघून म्हणाली, "पपा, सो सीरियस फॉर व्हॉट?" 

मग मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती धाकट्याकडे पुण्यात असते, गुडघे दुखतात, बाकी डोकं लख्ख. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिला पुडीबद्दल विचारलं. ती जराही दचकली नाही.

"आली होती पुडी," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी उघडलीसुद्धा नाही. सायकलच्या हँडलला अडकवली आणि ज्याची त्याला तोंडावर देऊन आले. तेव्हापासून तर ती माणसं उलटली, नाहीतर मिठाचं नाव कुणी काढलं असतं?"

मग शिजलं काय होतं, मी विचारलं. आपला कोंबडा, ती म्हणाली. तुम्ही दोन घास खाऊन उठलात, तिनं आग्रह केला तरी परत बसला नाहीत. तिला तेव्हा राहवलं नाही, नवरा घरी बसलाय, निदान एक दिवस तरी बरं जेवण व्हावं म्हणून तिनं तो कापला होता. ती सांगत होती आणि मला तुमचं ते ताट दिसत होतं, अर्धं टाकलेलं. आणि तरीही, बाबा, मनाच्या एका कोपऱ्यात मी म्हणतच होतो की बायको नवऱ्याबद्दल दुसरं काय सांगणार. माझा हा स्वभाव कुठून आला कोण जाणे. तुमच्याकडूनच आला असेल तर तुम्ही तो जनावरांसाठी वापरलात, आणि मी तुमच्यावर.

काल मी दुसरी ईमेल पाठवली. मीठ टाकलं हे खरं आहे, ते चुकीचंच आहे, पण शिकारीबद्दल मी जे लिहिलं त्याला माझ्याकडे काही आधार नव्हता. मी स्वतः टप्पा सोडून त्यांच्या मागे गेलो, हेही लिहिलं. रस्त्याकडचे फोटो सोबत जोडले. त्यांचं नाव परत यादीत घ्या, माझं काढायचं असेल तर काढा, असं शेवटी लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. अंकलच्या दाराशी जाऊन आलो, बेल वाजवली, ते बाहेर गेलेले होते. उद्या पुन्हा जाईन. या वयाला त्यांना ते जंगल बंद झालं तर ते काय करतील, हे मला नीट कळतं, कारण तुम्हाला घरी बसलेलं मी पाहिलं आहे.

हे तुम्हाला लिहिलेले कागद मोजणीच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आहेत. कुठे पाठवायचे नाहीत, ड्रॉवरमध्ये राहतील. एक गोष्ट मात्र यांत टाकायची राहिली आहे, ती आईलाही माहीत नाही. तुम्हाला कामावर परत घेतल्याचा कागद आला त्या दुपारी तुम्ही तो हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे होतात. आई रडत होती. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मी चुलीपाशी गेलो आणि पातेल्यावरचं झाकण उचलून आत काय आहे ते बघितलं. तुम्हाला ते दिसलं. तुम्ही हात धुवायला मागच्या दारी गेलात. आत पावट्याची आमटी होती. आणि खरं सांगतो बाबा, माझी थोडी निराशा झाली होती.