उजवी पाकळी

१२ ऑक्टोबर, रवि.
एमबीए प्रवेशाची मॉक टेस्ट दिली. गणित बरं. व्हर्बलने नेहमीप्रमाणे माती केली. पहिल्याच उताऱ्यात लेखक नक्की कुणावर चिडलाय तेच कळेना. मराठी शाळेतली मी, वाचते इंग्रजी आणि मनात करत बसते मराठी, तोवर वेळ संपतो. डिचोलीच्या क्लासमधल्या मॅडम म्हणतात, लेखक म्हणतो तेवढंच धर, पदरचं घालू नको. कंटाळा आलाय. एमबीए, एमबीए काय...

१५ ऑक्टो.
पहाटेची शिफ्ट. मोपा विमानतळाच्या बसमध्ये एक उतारा पुरा करायचा ठरवलं होतं. धारगळ आलं तेव्हा पुस्तक पायाशी पडलेलं, मी खिडकीला टेकून झोपलेली. काउंटरवर दिवसभर "बॅगेत पॉवरबँक आहे का?" हे इंग्रजी मात्र अस्खलित.

१७ ऑक्टो.
घरी विषय काढला. नंबर लागला तर नोकरी सोडून दोन वर्षं गोव्याबाहेर. आई भाकरी थापत राहिली. बाबा म्हणाले, "आदीं देवाक विचार. कौल घेतले बगर आमच्या घरांत कितेंच जायना."
म्हणजे माझी दोन वर्षं आता ओल्या पाकळीवर. देवाच्या अंगावर चिकटवलेल्यांतली उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर बस मोपाला.
राग आला. खाणीवर चालवायला ट्रक घेतानाही कौल घेतला होता. उजवी पडली, पेढे वाटले. मग खाणी बंद. ट्रक अजून सुर्ल्यात दारातच उभा, आई त्याच्या बॉनेटवर मिरच्या वाळवते. देवाने ट्रकला होय म्हटलं, खाणीचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बोलणार होते. बाबांचं तोंड बघून ताट उचलून आत गेले.

२ नोव्हेंबर, रवि.
आई देवळात जाऊन आली. एकटीच, तुझी मॉक आहे म्हणाली. दारातूनच सांगितलं, "उजवी पडली. वच तूं." बाबांनी तिथल्या तिथे हात जोडले. आई लगेच नारळ किसायला बसली.
मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. कौल-बिल मानत नाही म्हणणारी मीच ना?

९ नोव्हें.
व्हर्बल थोडं वर सरकलं. डोळे जळतात. सुपरवायझरकडे रजा मागितली तर म्हणतो, "परीक्षा? परत येणार ना?" काय सांगू त्याला. मलाच माहीत नाही.

१९ नोव्हें.
डिचोली बाजारात देवळातले भटजी भेटले. मी आपली म्हटलं, कौल चांगला झाला, परीक्षा जवळ आली. ते बघतच राहिले.
"कौल खंयचो गो? तुजी आवय आयली, दिवो लायलो. हांवें म्हळें, पाकळ्यो लावूं? जाल्यार म्हणटा, नाका भटजी. देव ना म्हणालो जाल्यार चेडवाक हांव कितें सांगूं?"
बस गेली. दुसरीपण गेली. स्टँडवर बसून रडले, लोक बघत होते.
साधा मिक्सर घ्यायचा तरी देवाला विचारणारी बाई. हे एवढंच, देव नाही म्हणाला तर पोरीला काय सांगू म्हणून, न विचारता केलं. आणि बाबांशी खोटं बोलली. माझ्यासाठी.

२३ नोव्हें.
एकही उतारा वाचला नाही. नापास झाले तर बाबा म्हणणार, देवाने परत फसवलं. आणि आई ते ऐकत भाकरी थापत राहणार. हे सहन होत नाही. अभ्यासाला बसले की तेवढंच दिसतं.

२९ नोव्हें., शनि.
उद्या परीक्षा. हॉल तिकीट, ओळखपत्र पिशवीत. बाबा खुशीत. "देवान सांगलां न्हय? मगे भियेता कित्याक?" अंगाऱ्याची पुडी दिली, जवळ ठेव म्हणून. आई त्यांच्याकडे बघत नव्हती.
ते बाहेर गेल्यावर आई पेज वाढत होती. मी म्हटलं, "आई, नाही जमलं तर?"
तिने डाव पातेल्यात ठेवला.
"जमलें ना जाल्यार देवाक दोष दिवं नाका. म्हाका दी."
भटजी भेटले होते, हे ओठांवर आलं होतं. पेजेबरोबर गिळलं.
पुडी पिशवीत ठेवली. आईने विचारलं, ठेवलीस? ठेवली म्हटलं.