सार्वजनिक हित आणि शालनबाईंची हातगाडी

३ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून पेपर. विषय: इंग्रज शिकवून गेले ते 'सार्वजनिक हित'. म्हणजे पब्लिक कोण हे साहेब ठरवणार, आणि ज्याची जमीन जाते तो त्यात धरायचा नाही. रोज दोन पानं. सेमिनार २२ला, आकुर्डीत, आमच्याच कॉलेजात. चित्रा म्हणाली, आधी गॅस बुक करा. घरातही वसाहतवाद आहे.

७ फेब्रुवारी
पानं शून्य. पण उदाहरण सापडलं! आमच्या रहाटणीच्या सोसायटीच्या गेटवर भाजीची हातगाडी लावतात त्या शालनबाई. चाकणजवळची त्यांची जमीन कारखान्यासाठी गेली. म्हणाल्या, "लोकांच्या भल्यासाठी हाय म्हनले. मी इचारलं, मंग आमी लोक न्हाई व्हय?" अंगावर काटा आला. लगेच लिहून घेतलं. मेथीही घेतली.

१२ फेब्रुवारी
सोसायटीची मीटिंग. गेटवर कार वळत नाहीत, हातगाडी हटवा म्हणे. मी कडाडून विरोध करणारच होतो. तेवढ्यात चेअरमन रंगराव म्हणाले, "सर, महापालिकेला अर्ज तुम्हीच लिहा. तुमच्यासारखी भाषा कुणाची आहे इथे?" भाषेचा प्रश्न आला की मला नाही म्हणवत नाही. 'व्यापक सार्वजनिक हितास्तव' असं घातलं. पेपर वेगळा, अर्जाचा फॉरमॅट वेगळा.

२१ फेब्रुवारी
शालनबाईंना सेमिनारला बोलावलं. जिवंत साक्ष! दिवसाचा धंदा बुडेल म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचा आवाज आजवर कोणी ऐकलेला नाही. तयार झाल्या.

२२ फेब्रुवारी
पेपर उत्तम. वेळेअभावी शालनबाईंना बोलता आलं नाही. त्यांच्या वतीने मीच बोललो. जेवणाचं कूपन त्यांच्यासाठी नव्हतं. परतलो तर गेटवर गाडी नाही. दुपारी अतिक्रमणवाल्यांनी उचलली, भाजीसकट. इस्त्रीवाला म्हणाला, मावशी इथं असत्या तर वजनकाटा तरी वाचवला असता. शालनबाई तिथेच खाली बसल्या. म्हणाल्या, "सर, तुमी चांगलं लिवता. गाडी सोडवायला अर्ज लिवा ना." लिहितो म्हटलं. वर येऊन चहा घेतला.

२ मार्च
अर्ज राहिला. एकाच गाडीबद्दल दोन अर्ज, अक्षर एकच. महापालिकेच्या ऑफिसात विचित्र दिसलं असतं.

१० मार्च
चित्राने शालनबाईंना फरशी-भांड्यांना ठेवलं. पहिला अर्ज कोणी लिहिला, तेही सांगून टाकलं. मी संवादाची पूर्ण तयारी केली. त्या बादली घेऊन हॉलमध्ये आल्या. मी म्हटलं, शालनबाई, ही व्यवस्थाच अशी आहे.
म्हणाल्या, "पाय वर घ्या."
घेतले.