अर्धा गुण कुणाचा

२ मे १९९८, शनिवार

कॉम्प्युटर चुकत नाही म्हणे! प्राचार्य सरांनी हे वाक्य आज मला ऐकवलं, शिपायाला ऐकवलं आणि एका पालकालाही ऐकवलं. ज्यांना माउस कुठल्या बाजूने धरायचा ते अजून उमगलेलं नाही, ते सांगणार कॉम्प्युटर चुकतो की नाही!

झालं असं. काल अकरावीचा निकाल बोर्डावर लावला. आज सकाळी सकाळी बनुबाई लेकीला, पूजाला, घेऊन ऑफिसात हजर. आमच्या बेलापूरच्या शिवेवरची वस्ती त्यांची. बाई तडतडतच आत आल्या. "सहामाहीला एकतीस, वार्षिकला आडतीस. करा की बेरीज! एकुनसत्तर. त्याचं निम्मं किती व्हतं? साडेचौतीस! मंग आमच्या पोरीला गनितात चौतीस कशापायी?"

पूजा मागे उभी, मान खाली. मधे दोन वर्षं शाळा सुटली होती तिची, त्यामुळे वर्गात सगळ्यांपेक्षा मोठी, आधीच बुजलेली. ग्रेसचे गुण इंग्रजीत देऊन संपले होते, गणिताला उरले नाहीत. म्हणजे अर्ध्या गुणापायी अख्खं वर्ष!

अर्धा गुण पोराचा — हे आमच्याकडे कुठल्या जी.आर.मध्ये शोधावं लागत नाही. साडेचौतीस म्हणजे पस्तीस. गणिताचे राधाकृष्ण सर हाताने निकाल लावायचे तेव्हा त्यांनी एकाही पोराचा अर्धा गुण खाल्ला नाही. यंदा पहिल्यांदा निकाल मशीनवर लावला आणि मशीनने खाल्ला. आणि मशीनवरचा प्रोग्राम माझा.

३ मे, रविवार

प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचला. चूक नाही. नाहीच! दोन परीक्षांची बेरीज, भागिले दोन, मग डेटाबेसला सांगितलंय की जवळचा पूर्णांक काढ. बस्स.

आई म्हणते, "जेव आधी, त्या कागदावरून भाकरी खातीस का?" जेवण जात नाही. नापास झालेल्या मुलीचं पुढे काय होतं हे मला कुणी शिकवायला नको. कॉलेज बंद, स्थळं बघायला सुरुवात, आणि दिवाळीपर्यंत ती कुणाच्या तरी चुलीपुढे. माझ्याबरोबरच्या किती जणी गेल्या तशा. माझ्या आईने कंबर कसली म्हणून मी वाचले. पूजालाही मी तसं जाऊ देणार नाही.

४ मे, सोमवार

आमचं मशीन म्हणजे पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याने कॉलेजला दान दिलेलं धूड. युनिक्सवर चालतं. प्रोसेसर भलत्याच जातीचा, नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. त्यावर चालणारा विकतचा डेटाबेस घ्यायची कॉलेजची ऐपत नाही, म्हणून मी फुकटचा घातला — देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेला, आतला सगळा कोड उघडा. हवा तसा वाचा, बदला.

त्याच्याबरोबर टेस्टचा गठ्ठा येतो. एक हुकूम सोडला की मशीन आपणहून शेकडो लहान लहान उदाहरणं सोडवतं आणि सोबतच्या "अपेक्षित उत्तरांच्या" फाईलशी ताडून बघतं. जुळलं तर ओके, नाही जुळलं तर फेल.

आज सगळ्या टेस्ट चालवल्या. ओके, ओके, ओके, पडदाभर ओके. आणि मधेच एक फेल. अडीचचा जवळचा पूर्णांक काढा — अपेक्षित ३, आलं २.

सापडला चोर!

५ मे, मंगळवार

चोर सापडला, पण घर कुठलं ते सापडेना. आधी वाटलं, आकडा बरोबर असेल, छापताना बिघडत असेल. दहा दशांश स्थळांपर्यंत छापून बघितला. चोख दोन. मग वाटलं भागाकार चुकतोय. नाही, पाच भागिले दोन अडीचच येतात. मग वाटलं, कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा कंपायलर तो जलद पळावा म्हणून काटछाट करतो, त्यात गेला असेल. काटछाट बंद करून अख्खा डेटाबेस पुन्हा बांधायला लावला. निम्म्यात लाईट गेली. आली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा गेली!

खोलीत पंखा नाही. मशीनला मात्र आहे.

६ मे, बुधवार

बांधून झालं. फेल. आहे तिथेच.

डेटाबेस बाजूला ठेवून चार ओळींचा वेगळा प्रोग्राम लिहिला. दीडचे किती? दोन. अडीचचे? दोन! साडेतीनचे? चार. साडेचारचे? चार! म्हणजे हे मशीन अर्धा कायम खाली ओढत नाही, सम संख्येच्या बाजूला ढकलतं. एकाला देतं, दुसऱ्याचं काढून घेतं. म्हणूनच कुणाच्या ध्यानात आलं नाही. पस्तीसच्या उंबऱ्यावर साडेचौतीसवाला उभा असेल तरच गळा कापला जातो, आणि कापलेला दिसतही नाही.

९ मे, शनिवार

श्रीरामपूरहून एस.टी. धरून संगमनेर गाठलं. महेंद्रदादाकडे — माझ्या मावशीचा मुलगा, त्याचा तिथे कॉम्प्युटर क्लास आहे आणि इंटरनेट आहे. गाडीला उभं राहायलाही जागा नाही, लग्नसराई! फ्लॉप्या जेवणाच्या डब्यात ठेवून नेल्या, धूळ जाऊ नये म्हणून.

दादाच्या साध्या पीसीवर तोच डेटाबेस, तीच टेस्ट. अडीचचे तीन. ओके! म्हणजे खोट माझ्या प्रोग्रामात नाही. डेटाबेसचा कोड पूर्णांक काढायचं काम ज्या त्या मशीनच्या भरवशावर सोडतो, आणि आमचं मशीन स्वतःचा वेगळाच नियम चालवतं.

डेटाबेसचं हे कलम बघणारा ऑस्कर नावाचा एक गृहस्थ आहे, कुठल्या तरी थंड देशात. त्याला सविस्तर ई-मेल लिहिली. पूजाबद्दलही लिहिलं. दादा म्हणाला, "अगं, तांत्रिक पत्रात मुलीचं काय घालतेस?" घातलं. का नको घालू?

११ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात खीर वाटत होते तेव्हा बातमी आली, पोखरणला अणुस्फोट केले. आजच्याच दिवशी! लाज वाटायला हवी.

१६ मे, शनिवार

पुन्हा संगमनेर. ऑस्करचं उत्तर आलंय. गोड भाषेत. म्हणतो, तुमच्या प्रकारच्या मशीनवर असं होतं, आम्हाला माहीत आहे. काळजी नसावी. तुमच्या मशीनसाठी अपेक्षित उत्तरांची वेगळी फाईल करतो, तिच्यात ३ च्या जागी २ लिहितो. मग टेस्ट पास होईल.

टेस्ट पास होईल! पोरगी नापास, पण टेस्ट पास!

वर उपदेश — अर्धा सम संख्येकडे न्यायची रीत काही वाईट नाही, हजारो आकड्यांत मिळून समतोल साधला जातो. हजारोंत साधत असेल. पूजा एकच आहे! उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं?

मी दादाला विचारलं, ही अपेक्षित उत्तरं मुळात ठरवली कुणी? तो हसला. "ऑस्करच्या मशीनवर पहिल्यांदा जे आलं तेच उतरवून ठेवलं. दुसरं काय?" वा! उत्तर तीनच बरोबर हा भाग वेगळा, पण याच्या घरी आलं ते जगाला प्रमाण, आणि आमच्याकडे वेगळं आलं तर आमच्यासाठी वेगळी फाईल.

आमचे आजोबा सांगायचे, गावच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी वेगळी असायची, बाहेर खुंटीला अडकवलेली. आपणच विसळायची, आपणच परत अडकवायची. चहा त्याच किटलीतला. कुणी बोललंच तर हॉटेलवाला म्हणायचा, "चहा मिळतोय न्हवं? मंग काय बिघडलं?" त्यालाही वाटत असणार, आपण सोयच करतोय.

ऑस्करला तिथल्या तिथे दोन ओळी लिहिल्या. वेगळी फाईल नको. कोड दुरुस्त करू, सगळ्यांना एकच उत्तर. दुरुस्ती मी पाठवते.

१८ मे, सोमवार

झाली! आपला हात जगन्नाथ. मशीनच्या नियमाला विचारायचंच नाही. आकड्यात अर्धा मिळवायचा आणि खालचा पूर्णांक घ्यायचा — साडेचौतीसमध्ये अर्धा मिळवला की पस्तीस, प्रश्न मिटला. शून्याच्या खालच्या आकड्यांना उलटं. सगळ्या टेस्ट पुन्हा चालवल्या. पडद्यावर एकही फेल नाही. मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. शिपाई डोकावून गेला. फ्लॉपी एस.टी.ने दादाकडे धाडली, ऑस्करला पाठवायला.

निकाल पुन्हा काढला. चार पोरं नापासाची पास होतात. पूजा गणितात पस्तीस.

२० मे, बुधवार

प्राचार्यांकडे कागद ठेवला. बघितलासुद्धा नाही. "मॅडम, बोर्डावर लागलेला निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उद्या गाव म्हणेल, कॉलेजनं वशिल्यानं पोरं पास केली." मी म्हटलं, वशिला नाही सर, मशीनची चूक आहे. तर म्हणे, "परवा तुम्हीच सांगत होता मशीन किती हुशार आहे ते." आणि मग हळूच, पेपर उलगडत — "तुम्हा लोकांना जिथं तिथं अन्यायच दिसतो."

तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, ते मला कळलं. मला कळलंय हे त्यांनाही कळलं. माझी नोकरी दरवर्षी जूनमध्ये नव्याने त्यांच्या सहीने होते. तरी बोलले. म्हटलं, सर, अन्याय दिसतो कारण तो आहे. एकतीस आणि अडतीस तुम्हीच मिळवून बघा.

तेवढ्यात राधाकृष्ण सर आले. त्यांना मीच बोलावलं होतं. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अर्धा गुण पोराचा नसेल तर गणिताच्या निकालावरची माझी सही मी मागे घेतो." एवढंच. आवाजही चढवला नाही. प्राचार्यांचा पेपर खाली आला. "बघू," म्हणाले. आमच्या प्राचार्यांचं "बघू" म्हणजे हो.

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते.

२३ मे, शनिवार

संगमनेर. ऑस्करने दुरुस्ती घेतली! "तुमचं म्हणणं बरोबर आहे. एकच उत्तर, सगळ्या मशीनवर." नव्या आवृत्तीत जाणार. मदत करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव, पुढे गावाचंही — बेलापूर! दादाने पेढे आणले. मी म्हटलं, पेढे माझे नाहीत, पूजाचे आहेत.

२५ मे, सोमवार

सुधारित निकाल बोर्डावर लागला. टाचण्या मी स्वतः टोचल्या.

दुपारी बनुबाई आल्या, धावतच. माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुमी नसत्या तर आमचं काई खरं न्हवतं! लई उपकार झालं!" डोळ्यांत पाणी. मलाही आलं. खोटं कशाला लिहू, आलं. पूजा कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, "घरला हाय. लाजती." म्हटलं, तिला सांगा, बारावीला गणितात मी बघते तिच्याकडे, काळजी करू नका. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या आणि घाईने निघून गेल्या.

२८ मे, गुरुवार

पूजा आली होती. एकटी, भर उन्हात, वस्तीवरून चालत. आत ये म्हटलं तरी दारातच उभी.

तिचं लग्न ठरलं होतं. फेब्रुवारीपासून. त्या लोकांना अकरावी पास मुलगीच हवी होती. ती नापास झाल्याचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोयरीक मोडली. घरी दोन दिवस कुणी जेवलं नाही. मग वडील म्हणाले, ऱ्हाऊ दे, पुन्ना अकरावीला बसव तिला. वह्याही आणल्या होत्या.

सोमवारी इथून गेल्या गेल्या बनुबाईंनी तिकडे निरोप धाडला. लग्न चौदा जूनला आहे.

ती बोर्डाकडे बघत होती. मग विचारलं, "म्याडम, त्यो अर्धा गुन परत काढून घेता येतो का?"