काठावरचा घोडा

२ डिसेंबर
आज रेवतीकडून हरले. बुद्धिबळाचे दोन्ही डाव. तिचं लग्न होऊन महिना नाही झाला, पदर अजून खांद्यावर टिकत नाही, आणि धाकट्या जावेनं मोठीला अण्णांसमोर वीस चालींच्या आत... जाऊ दे.
अण्णा हसले. एरवी सासरे हसले तरी मिशीतल्या मिशीत. आज मोठ्यानं. "सोयगावची पोर लई तिखट निघाली की."
चहा मीच केला.

३ डिसेंबर
बुद्धिबळ मला अण्णांनी शिकवलं. वैजापूरला तहसील कचेरीत होते, निवृत्त झाल्यावर आमच्याकडं पुंडलिकनगरला आले. सासूबाई आधीच गेलेल्या. हे ऑफिसला, दुपारी घरात आम्ही दोघंच. जेवणं, भांडी आवरली की अण्णा हाक मारायचे, "सुनंदा, मांड." बाकी घरात मी वहिनी, अगं, ऐकलं का. नावानं हाक तेवढीच.
आज हाक आली, "पोरींनो, मांडा."

५ डिसेंबर
पुन्हा तेच. पांढरी मोहरी नव्या माणसाला, हा अण्णांचा नियम, म्हणून पहिली चाल तिचीच. आधी उंट काढते, मग घोडा पुढं दामटते. दोघांचा डोळा एकाच प्याद्यावर, राजाशेजारचं, ज्याला राजाशिवाय कुणाचा आधार नसतो. मी मध्ये प्यादं सारून उंटाची वाट अडवते. ती ते मारते. मी माझ्या घोड्यानं परत मारते. तिथंच फसते. तिचा घोडा थेट राजाच्या दारात उडी घेतो, वजीर येतो, माझा राजा भर चौकात उघडा.
अण्णा असं कधीच खेळले नाहीत. ते एकेक मोहरं निवांत काढणार. आमचा डाव चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत चालायचा. रे. (पूर्ण नाव लिहायचा कंटाळा येतो) जळगावला कॉलेजात शिकली म्हणे. तिथं असंच खेळतात, आल्या आल्या अंगावर.

९ डिसेंबर
यांना सांगितलं. म्हणाले, "खेळच आहे ना? नवी आहे ती, रमतेय तर रमू दे." मॅच हरली की यांचं जेवण जात नाही, ते सोडा.
अण्णांचा चष्मा सापडत नव्हता. मला माहीत होतं कुठं आहे. मी उठायच्या आत रे. नं आणून दिला.

१० डिसेंबर
ती वाईट नाही. भाजी निवडते, ताई ताई करते. वाईट असती तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर
आज नळाला पाणी. सकाळी टाकी भरेपर्यंत एक माणूस अडकतं, ते मीच. पट ओट्यावर मांडला. दोन्हीकडून मीच. प्यादं मारलं की काय काय करता येतं, एकेक करून बघितलं. वजिरानं परत मारलं तर वजीरच जातो. घोड्यानं मारलं तर ते रोजचं मरण. टाकी भरून वाहिली, शेजारच्या काकू ओरडल्या.

१९ डिसेंबर
सापडलं. सापडलं असावं.
ते प्यादं परत मारायचंच नाही. गेलं तर गेलं. दुसरा घोडा काठावर न्यायचा, तिच्या उंटावर. उंटाला हलावंच लागतं. तो शह देतो, मी प्यादं आडवं घालते, मारामारी होते, उंट पुन्हा मागं. मग तिच्या घोड्याला हाकलायचं. एक प्यादं कमी, पण आता पळतेय ती.
मला सुचलं कसं नाही? कारण अण्णा. "काठावरचा घोडा लंगडा," पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. आणि "मारलं की मारायचं." बारा वर्षांत दोन्ही कधी मोडलं नाही.

२२ डिसेंबर
जिंकले.
घोडा काठावर ठेवला तेव्हा अण्णा खाकरले. रे. बराच वेळ बघत बसली, बांगड्या मागं सारल्या, उंट हलवला. पुढं सगळं तसंच झालं. शेवटी तिनं स्वतःच राजा आडवा केला.
मी अण्णांकडं बघितलं. ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी सरकले. मोहरी परत लावली. "हे बघ रेवती, इथं तुझी घाई झाली. उंट इथं पाहिजे व्हता." तासभर. चाल करून दाखवायची, मागं घ्यायची, परत करायची. तिचं डोकं पटावर वाकलेलं, अण्णांचा हात मोहऱ्यांवर. मी तिथं बसायचे. हरल्यावर.
आता जिंकणाऱ्या बाईला काय शिकवणार.
उभी राहून चहा प्याले.

२३ डिसेंबर
रे. स्वयंपाकघरात आली. "ताई, तो काठावरचा घोडा कुणी शिकवला?"
"कुणी नाही."
"मग?"
"मग काय, नेला."
मग म्हणाली, जालन्याला पुढच्या रविवारी स्पर्धा आहे, बायकांची वेगळी. अण्णांनी नाव द्यायला सांगितलंय. तिथं काळी मोहरी आली तर समोरची हाच हल्ला करणार, आजकाल सगळ्या करतात. "मला तो बचाव दाखवाल?"
कणीक मळत होते. "बघू," म्हणाले.
बारा वर्षं. मला कुणी जालन्याचं नाव काढलं नाही.

२६ डिसेंबर
अण्णांना विचारलंच. "मला का नाही कधी पाठवलं?"
त्यांना प्रश्नच कळला नाही आधी. मग म्हणाले, "तू कधी म्हणलीच नाय." खरं आहे. वर म्हणाले, "आता जा की. दोघी जा."
मी म्हटलं, "ते आता का?" त्यांनी पेपर उघडला.

२७ डिसेंबर
यांनी दोघींची नावं देऊन टाकली. न विचारता. "घरातलीच आहे, दाखव तिला."
दाखवलं आणि तिथं समोर तीच आली तर?

२८ डिसेंबर
आज पांढरी मी घेतली. ती काळ्याकडं. अण्णा आत झोपलेले, मुद्दामच असावेत. मी तिच्यासारखीच खेळले: उंट, मग घोडा पुढं. तिनं मध्ये प्यादं सारलं. मी मारलं.
तिचा हात चुकीच्या घोड्याकडं गेला, परत मारायला. बोटं टेकली. मग थांबली, माझ्याकडं बघितलं.
"ताई, हाच का?"
हात तसाच घोड्यावर. हात लावला तर तेच मोहरं हलवायचं, हाही अण्णांचाच नियम. मी म्हणू शकत होते, उचल हात, मोजत नाही.
मी पटाकडं बघत राहिले. दारात दूधवाला आला. मी उठले, पातेलं घेतलं, दूध घेतलं, गॅसवर ठेवलं, ते वर येईपर्यंत तिथंच उभी राहिले.
बाहेरून मोहरं सरकल्याचा आवाज अजून आला नव्हता.