सुतकात वाजलेली हळद

बुधवार, दिवेलागण

आमच्या पिंकीनं मागल्या महिन्यात माझं गाण्याचं ॲप घरच्या ग्रुपले जोडून देल्लं. म्हणे, "आजी, तू जे ऐकशीन ते सगळ्याइले दिसीन." मी तं लेकरासारखी खुश. मंग इसरून गेली.

जाऊबाईले जाऊन चार दिवस झाले. सुतकात गाणं लावू नाही, मले काय समजत नाही? पण गावातल्या हरेक लग्नात हळदीची गाणी आम्ही दोघीच म्हनत होतो, एक ओळ तिची, एक माझी. आज लय आठवण आली, म्हून कानात वायर घालून चोरून लावली. चोरून कायची, सारी ग्रुपवर उमटली.

मेहकरहून तिच्या पोराचा फोन आला. "काकू, इथं माय गेली अन् तुमच्या घरी हळद चालू हाये काय?"

मी सांगत होती, गाण्यासंगं मी फक्त माझी ओळ गुणगुणत होती, तिची ओळ आली की गप बसत होती रे. त्यानं फोन ठेवून देल्ला.

पिंकी म्हणे, "जोडलेलं तोडून टाकू काय?" आता तोडून काय होते?

दहाव्याले त्यानं आत बोलावलं नाही तं अंगणात बसीन. आम्ही मांडवात गात असलो की माझ्याच मांडीवर झोपत होता तो.