मिठाचे सुळके

आईले नागपूरहून भूमिकाचा नमस्कार.

बाबांनी पाठवलेली बागेतली माती आज लॅबमध्ये बारीक खलून मशीनमध्ये ठेवली. क्ष-किरण पडले की मातीतलं एकेक खनिज कम्प्युटरवरच्या आलेखात आपापले सुळके काढते. ते हळूहळू वर येत होते अन् मी स्वप्नात असल्यावाणी आपल्या संत्र्यांतून फिरून राहिली होती. गारगोटी दिसली, चुनखडी दिसली, मंग मीठ दिसलं. खारट जमिनीत संत्रा कसा जगन?

मंग आठवलं, माती बांधून तर तू दिली होती. मिठाचीच रिकामी पिशवी घेतली होती ना वं? तुझ्या सैपाकखोलीत जाऊन आल्यासारखं वाटलं.

तरी माती पुन्हा पाठव, कोऱ्या पिशवीत. बाबांले तवरक काही सांगू नको.

तुझी भूमिका