मंजिष्ठेचा लेप

सूनबाई,

ताईच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिले नाही. तिने विचारले होते, "पायाची जखम भरत नाही. तुझ्या पुस्तकातला मंजिष्ठेचा लेप चालू ठेवू, की डॉक्टरला दाखवू?" त्या मुळीने कांती उजळते, पुरळ जाते, हे मी जुन्या ग्रंथांतून उतरवले होते, जखमेचे वाक्य मात्र माझ्या पदरचे. ते कबूल करायचा धीर झाला नाही.

काल डॉक्टरांना तिचा पाय कापावा लागला. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, आई म्हणते, उगाळताना माझंच काहीतरी चुकलं असेल."

मी तिकडे निघालो आहे. कपाटातल्या उरलेल्या प्रती जाळून टाक. समोर बसून सांगणे मला जमणार नाही, म्हणून उत्तर सकाळीच टपालपेटीत टाकले: "ताई, चूक माझ्या पुस्तकाची, तुझ्या हाताची नाही."